घरी गेल्यावर काय कराल?

"काका, असं खाली बसू नका. फरशी गार आहे," ती म्हणाली, आणि काकांनी मान वळवली तेव्हा तिला कळलं की हे काका नाहीत.

डोळ्यांच्या दवाखान्यात पट्टी बांधलेला माणूस म्हणजे काका नाहीतर काकू, हा तिचा नेहमीचा हिशेब. पण भिंतीला टेकून मांडी घालून बसलेला हा माणूस तिच्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठा असेल. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, उजव्या डोळ्यात मिश्कील हसू, केस कुणी तरी उलटे विंचरल्यासारखे.

"एका डोळ्याने मी इतका म्हातारा दिसतो?" त्याने विचारलं.

"तसं नाही... पाठमोरे होतात ना." ती लाजली आणि लाज लपवायला लगेच दवाखान्याच्या आवाजात शिरली. "ऑपरेशन आजच झालं का? मग वर बाकावर बसा. पट्टीला हात लावायचा नाही. माहितीपत्रक मिळालं ना तुम्हाला?"

"मिळालं."

"वाचलंत?"

"सुरुवात केली होती..." तो जरा घुटमळला. "पण ते मी दुसऱ्या कामाला लावलं. फार उपयोगी पडलं हो. कागद जाड आहे, ही मोठी सोय."

त्याने बोट दाखवलं. शेजारच्या बाकाचा एक पाय आखूड होता. त्या पायाखाली चांगली दाबून बसवलेली कागदाची घडी होती, आणि घडीच्या बाहेर डोकावत होतं तिने स्वतः, तीन संध्याकाळी डोकं खाजवून लिहिलेलं शीर्षक.

आता कुणी आपल्या लेखनाला चांगलं म्हणालं नाही तर माणूस सोसतो. कुणी वाचलं नाही, तरी सोसतो. पण बाकाच्या पायाखाली? ती तोंड उघडून काही जहाल बोलणार, एवढ्यात त्या गृहस्थाने दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि सर्रकन डोळ्यावरची पट्टीच सोडली.

"अहो!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की रांगेतल्या सगळ्या काका-काकूंनी उरल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"घाबरू नका. डोळा ठणठणीत आहे." खरंच होता. उलट दुसऱ्यापेक्षा जरा जास्तच मिश्कील होता. "मी पेशंट नाही. तुमच्या या खोलीसाठी नवे बाक करायचं काम मला दिलंय. एक डोळा झाकून इथे बसायला कसं वाटतं, ते बघत होतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा बाकाच्या कडेचा अंदाज चुकला आणि सरळ खाली आलो. म्हटलं, आता आलोच आहोत तर इथूनही बघू."

तिला हसू येत होतं, पण शीर्षक अजून बाकाखालीच होतं. "तो कागद मी लिहिलाय," ती म्हणाली आणि ताठ मानेने निघून गेली. ताठ मानेने चालताना मात्र तिचा पाय पायपुसण्यात अडकला. ते त्याने पाहिलं आणि पाहिलं नसल्याचं दाखवलं. हे तिने पाहिलं.

ती त्या दवाखान्याच्या कार्यालयात होती. पाट्या, सूचना, अहवाल, मोठ्या डॉक्टरीणबाईंची भाषणं, सगळं लिहिण्याचं काम तिचं. सगळे तिला 'पत्रकवाली' म्हणत. लिहायची हौस शाळेपासूनची. निबंधाला बक्षीस ठरलेलं, आणि निबंधाचा पहिला परिच्छेद असा की वाचणाऱ्याने 'वा!' म्हणावं. ती सवय काही सुटली नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घ्यायच्या काळजीचं पत्रकही तिने 'नेत्र म्हणजे देहमंदिरातील दोन तेवत्या ज्योती' इथून सुरू केलं होतं. औषध कधी आणि कसं घालायचं, ते मागच्या पानावर, खालच्या अर्ध्या भागात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं होतं, पण ते तिला सांगणार कोण? डॉक्टरीणबाईंनाही पहिला परिच्छेद फार आवडला होता.

घरी ती आणि बाबा. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या थंडीत याच दवाखान्यात झालं होतं. आणि मग तो डोळा लालभडक झाला, सुजला, पाणी गळायला लागलं. डोळा जातो की राहतो, अशा अवस्थेत काढलेले ते दिवस तिला अजून आठवायचे. डोळा राहिला. पण त्या दिवसांत ती बाबांवर चिडली होती. "इतकं स्वच्छ लिहून दिलंय बाबा! वाचायला काय होतं तुम्हाला?"

आता डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणखी थांबलात तर काम अवघड होईल. आणि बाबा? ते एकच वाक्य धरून बसले होते. "एक डोळा पुरे मला. काय बघायचं राहिलंय आता?" ती रोज समजावत होती. पालथ्या घड्यावर पाणी.

बाकवाला दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. हातात मोजपट्टी, खिशात पेन्सिल, काखेत पुठ्ठे. जुनी खोकी आणि पुठ्ठे बांधून त्याने तीन तकलादू बाक उभे केले आणि स्वतः कोपऱ्यात जाऊन गप्प बसला. लोक येत, बसत, उठताना धडपडत. तो नुसता बघत होता.

तिचं टेबल काचेच्या पलीकडेच होतं. दुपारपर्यंत तिला राहवेना.

"त्या आजोबांना उठताना कशाला धरायचं कळत नाहीये," ती बाहेर येऊन कुजबुजली. "सांगा ना त्यांना, बाजूच्या पट्टीला धरा म्हणून!"

"नाही सांगायचं."

"का?"

"मी काय प्रत्येक बाकाशेजारी जन्मभर उभा राहणार आहे? 'आजोबा, इथे धरा, मावशी, तिथे टेका' म्हणत?" तोही कुजबुजला. "सांगावं लागलं, म्हणजे बाक चुकला. आजोबा नाही."

मग तो खाली पाहत, जरा चाचरत म्हणाला, "तुमचा कागदसुद्धा... एकटाच घरी जातो ना त्यांच्याबरोबर?"

झोंबलं. चांगलंच झोंबलं. पण खरी गोष्ट झोंबते तशी. ती टेबलाशी परत गेली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने काचेतून आपल्या पत्रकाचं काय होतं ते पाहिलं. एका काकूंनी त्याने वारा घेतला. एका काकांनी त्यात बिस्किटं बांधली. एका गृहस्थांनी ते लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं आणि आदराने चौघडी करून खिशात ठेवलं. ती चौघडी पुन्हा उघडणार नव्हती, हे इतक्या लांबूनही दिसत होतं.

"शिकवा मला," संध्याकाळी ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "ते तुमचं गप्प बसून बघणं."

"नियम कडक आहेत हं."

"असू देत."

"वाचणारा वाचत असताना लिहिणाऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरायची. खाणाखुणा नाहीत, खोकणं नाही, भुवया उडवणं नाही. तुमच्या भुवया फार बोलतात, आधीच सांगून ठेवतो." तिच्या भुवया त्या क्षणीही बोलल्याच. "जो बोलला त्याने चहा पाजायचा. आणि शेवटी 'समजलं का?' असं कधी, कधी म्हणजे कधीच विचारायचं नाही."

"का बरं?"

"समजलं का, याला आजवर कुणी 'नाही' म्हटलंय? लोक चांगले असतात हो. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून 'हो' म्हणतात. त्यापेक्षा विचारायचं, 'घरी गेल्यावर काय कराल?' मग ते आपल्या शब्दांत जे सांगतील ना, तेवढंच खरं तुम्ही लिहिलेलं. बाकीची नुसती शाई."

पहिल्या वाचक होत्या शिवणकाम करणाऱ्या एक बाई. उजव्या डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी, लक्ष दारात येणाऱ्या मुलाच्या वाटेकडे. त्यांनी पत्रक हातभर लांब धरलं. ओठ हलवत पहिला परिच्छेद वाचला. उजेडाकडे वळवलं. परत पहिल्या ओळीवर आल्या. मग उसासा टाकून घडी घालायला लागल्या.

"मागच्या पानावर आहे हो!" ती ओरडलीच.

बाकवाल्याने कपाळाला हात लावला. मग मऊ आवाजात बाईंना विचारलं, "मावशी, घरी गेल्यावर काय कराल?"

"औषध घालीन की."

"कधी?"

"डोळा दुखला की!" बाई आत्मविश्वासाने म्हणाल्या. "उगाच कशाला घालायचं दुखत नसताना?"

दुखो न दुखो, औषध ठरल्या वेळी घालायचं होतं. तिने ते लिहिलं होतं, अगदी सुंदर लिहिलं होतं. मागच्या पानावर, खालच्या अर्ध्या भागात. ती बाईंच्या शेजारी बसली आणि सगळं तोंडी सांगून, त्यांच्याकडून दोनदा वदवून घेऊनच उठली.

चहा तिच्याकडे लागला. उपाहारगृहाच्या पत्र्यावर पाऊस ताशा बडवत होता, त्यामुळे बोलायला जवळ सरकून बसावं लागत होतं. याला दोघांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती.

"मी वाईट लिहिते, असंच ना?" तिने कपात बघत विचारलं.

"छे! तुम्ही फार छान लिहिता. मी तो परिच्छेद दोनदा वाचला."

"बाकाखाली घालण्याआधी?"

"आधी एकदा, नंतर एकदा. काढून, वाचून परत घातला." ती हसली. तो तिच्या हसण्याकडे बघतच राहिला, मग घाईने चहाचा घोट घेऊन जीभ भाजून घेतली. "पण... तो दोन्ही डोळ्यांच्या आणि निवांत माणसासाठी आहे. तुमचा वाचक कोण? सांगा पाहू."

तिने विचार केला. शिवणकामवाल्या बाईंचे हलणारे ओठ आठवले. "एक डोळा झाकलेला. घाबरलेला. घरी जायची घाई झालेला."

"झालं तर. त्याच्यासाठी लिहा. आणि पहिल्या फटक्यात छान लिहू नका. मी पुठ्ठ्याचा बाक करतो तसं, भराभर, वाईट लिहा. वाईट कागद फाडताना जीव तुटत नाही."

"वाईट लिहायला मला जमेल?"

"मी शिकवीन," तो म्हणाला. "मला फार वाईट लिहिता येतं."

आणि मग ते दिवस सुरू झाले. ती पाठकोऱ्या कागदांवर मसुदे करायची, तो बाकांच्या उंच्या बदलायचा. मधल्या सुट्टीत दोघं कोपऱ्यात शेजारी बसून बघायची. एकाच्या खोक्यांच्या बाकावर दुसरीचं पत्रक वाचणारे काका-काकू. कधी ती बोलून हरायची, कधी तो. एकदा तर एका आजींनी मसुदा वाचून "अगो बाई, हे किती सोप्पं!" म्हटलं आणि ती आनंदाने त्याचा दंडच धरून हलवायला लागली. दंड सोडायचं तिला जरा उशिराच सुचलं. हे नियम मोडण्यात बसतं की नाही, यावर वाद झाला. शेवटी दोघांनीही एकमेकांना चहा पाजला. लोक बघत होते, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांना दुसरं काम तरी काय असतं?

पण घरी बाबांचा हट्ट तसाच होता. एका संध्याकाळी ती बाकवाल्याजवळ रडकुंडीला येऊन म्हणाली, "सगळ्यांना समजावता येतंय, फक्त बाबांना नाही."

"त्यांना वाचायला दिलंत का कधी? म्हणजे... शेजारी गप्प बसून?"

तिने नकारार्थी मान हलवली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

रविवारी दुपारी तो घरी आला. बाबांनी त्याला खुर्ची दिली, त्याने ती आधी हलवून पाहिली, तेव्हा बाबांना तो एकदम पसंत पडला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग तिने नवा मसुदा पुढे केला, तर बाकवाला म्हणाला, "आधी जुनं पत्रक देऊ या. फरक कळेल."

बाबांनी चष्मा चढवला. जुनं पत्रक हातात घेतलं. वाचू लागले. तिने ओठ घट्ट मिटले. बाबांनी पहिला परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. पान उलटलं, बारीक अक्षरांवरून बोट नेलं, मग पान परत सुलटं केलं आणि म्हणाले, "वा. फारच छान लिहिलंय पोरीने."

"काका," बाकवाल्याने विचारलं, "हे घेऊन घरी गेलात, तर घरी गेल्यावर काय कराल?"

"काय म्हणजे? औषध घालायचं."

"कसं?"

"असं... घालायचं डोळ्यात." बाबा हातातल्या कागदाकडे बघायला लागले. तिने ओठ आणखी घट्ट मिटले.

"खरं सांगू?" बाबा शेवटी म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, बाकवाल्याकडे बघून बोलत होते. "मागच्या वेळीही मी एवढंच वाचलं होतं. ज्योतींपर्यंत. पुढची अक्षरं पोहायला लागायची. सकाळ-संध्याकाळ ही औषध घालायची, पण दुपारी ही कामावर. मग मी दोन्ही बाटल्यांचं औषध एकदमच घालून टाकायचो. एक घातलं की लगेच दुसरं. बाटलीचं तोंड डोळ्याला टेकवून, म्हणजे थेंब बाहेर पडायला नको. हिने विचारलं, बाबा समजलं ना? मी हो म्हटलं. आपल्या लेकीने लिहिलेलं आपल्याला कळत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?"

मग अगदी हळू म्हणाले, "आता दुसरा डोळा करायचा, आणि परत तसंच झालं तर? डोळ्याचं काही नाही हो. पण ही पुन्हा म्हणेल, एवढं स्वच्छ लिहून दिलं होतं..."

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने पुसलंही नाही. उठून ती बाबांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. बाकवाला खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला, बाहेर बघण्यासारखं काहीही नसताना.

थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, "आण तो दुसरा कागद. बघू तरी."

नवा मसुदा बाबांनी वाचला नाही, सोलला. "हात धुवा हे पहिलं घे, ते मधे का? औषधांची नावं कशाला? लाल झाकण, निळं झाकण म्हण. अक्षर आणखी मोठं. आणि हे 'अंतर राखावे' काय? पाच मिनिटं थांबा म्हण सरळ!" ती भराभर लिहून घेत होती, नाक ओढत, हसत. संध्याकाळपर्यंत अख्खं पत्रक एका पानावर आलं. ज्योती विझल्या होत्या आणि उजेड वाढला होता. बाबांनी ते शेवटचं एकदा वाचलं, कागद बाजूला ठेवला आणि कुणी न विचारता बोटांवर मोजत सगळं बरोबर सांगितलं.

"तारीख घे डॉक्टरीणबाईंकडून," ते म्हणाले. "डावाही करून टाकू."

ती बाकवाल्याला पोचवायला जिन्यापर्यंत गेली. खाली उतरायच्या आधी तो थांबला.

"मी रागावले होते त्यांच्यावर," ती म्हणाली. "त्यांच्यावर... आणि चूक माझी होती."

त्याने 'असू दे' म्हटलं नाही, समजूतही घातली नाही. खिशातून रुमाल काढून दिला, ज्यावर लाकडाचा भुसा होता, म्हणून तो झटकून पुन्हा दिला.

"आज चहा माझ्याकडे लागला," तो म्हणाला. "तू एक शब्दही बोलली नाहीस."

'तू' त्याच्या तोंडून निसटलं होतं. त्याच्या ते लक्षात आलं, तिच्याही आलं. दोघांनीही ते परत घ्यायची घाई केली नाही.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. नवं पत्रक बाबांच्या उशाशी भिंतीवर चिकटवलेलं होतं. दुपारची औषधं बाबा स्वतः घालत आणि ती कामावरून फोन करी. 'घातलं का' असं विचारायचं नाही, हे ती आता शिकली होती. ती विचारायची, "काय काय केलंत?" आणि बाबा हात धुण्यापासून सगळं कौतुकाने सांगायचे. तरी रोज सकाळी डोळा उघडताना तिचा जीव टांगणीला लागायचा. आज लाल असेल का? आज सुजला असेल का?

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यंत्राला डोळा लावून बराच वेळ पाहिलं. इतका वेळ, की पत्रकवालीने श्वास घ्यायचं सोडून दिलं.

"अगदी स्वच्छ," त्या म्हणाल्या. "असा डोळा मला सगळ्यांचा मिळाला पाहिजे. काय केलंत हो?"

"वाचलं," बाबा म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे नवं पत्रक छापायला सांगितलं. पहिला परिच्छेद गेला याचं त्यांना जरा वाईट वाटलं, पण तेवढंच.

बाहेरच्या खोलीत नवे बाक लागले होते. थोडे उंच, कड ठळक रंगाची, आणि धरायला दोन्ही बाजूंना गोल दांडे. बाबा एकावर बसले, दांड्याला धरून कुणाच्या मदतीशिवाय उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाकवाल्याकडे पाहून म्हणाले, "मी जरा औषधाच्या दुकानात जाऊन येतो. वेळ लागेल मला. बराच वेळ लागेल." आणि निघाले. त्यांची चाल एवढी ऐटीत तिने कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

दुपारची वेळ, खोली रिकामी. बाहेर पाऊस नुकताच थांबून पागोळ्या गळत होत्या. दोघं नव्या बाकावर बसली, मधे एका माणसाची जागा सोडून.

"माझं इथलं काम संपलं," तो म्हणाला.

"हं."

"म्हणजे बाकांचं. पण बाक म्हटला की देखभाल आली. स्क्रू सैल होतात... हवा दमट असली की लाकूड फुगतं. तेव्हा एखाद्याला वाटलं, की वारंवार यावं... म्हणजे निव्वळ लाकडाच्या दृष्टीने नव्हे, तर इथल्या एकंदर... वातावरणाच्या..."

"थांबा," ती म्हणाली. "वाचक पहिल्याच परिच्छेदात झोपला."

त्याचे कान लाल झाले. "बरं. दुसरा मसुदा. मला वाटतं, माणसाने कामापुरतं... नाही. काही माणसांच्या शेजारी गप्प बसलं तरी..."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? आधी ठरवा ना, वाचक कोण आहे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. नीट, दोन्ही डोळ्यांनी. "एक मुलगी आहे. भुवया फार बोलतात तिच्या. घाबरलेली... आहे का?"

"थोडी."

"घाई आहे?"

"बाबा दुकानातून येईपर्यंतच वेळ आहे. खूप घाई आहे."

बाहेर पागोळीचा एक थेंब पडला. दुसरा पडला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "लग्न करशील माझ्याशी?"

ती तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी समोरच्या भिंतीकडे बघत बसली. हृदय एवढ्या जोरात धडधडत होतं की बाक हलेल असं तिला वाटलं, पण बाक पक्का होता. तो थांबला. पुढे काही समजावून सांगायचा मोह त्याच्या घशापर्यंत आलेला तिला दिसत होता. त्याने तो गिळला. पुन्हा गिळला. हातांची बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली. बिचारा!

"समजलं का?" शेवटी त्याच्या तोंडून निघून गेलंच.

"हरलास!" ती टाळी वाजवून ओरडली. "हा प्रश्न कधी म्हणजे कधीच विचारायचा नसतो! चहा तुझ्याकडे!"

तिचं 'तू' ऐकून तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज एकदम मऊ झाला. मधली एका माणसाची जागा त्याने सरकून भरून काढली.

"मग... घरी गेल्यावर काय करशील?"

तिने खोल श्वास घेतला. इतक्या दिवसांचा, थंडीपासून छातीत अडकून बसलेला.

"घरी गेल्यावर आधी हात धुईन," ती म्हणाली. "मग बाबांच्या डोळ्यात लाल झाकणाचं औषध घालीन. मग पाच मिनिटं थांबेन. आणि त्या पाच मिनिटांत बाबांना सांगेन, की हा बाकवाला आता आपल्याकडे जन्मभर चहाला येणार आहे. मी हो म्हटलंय त्याला. मग निळ्या झाकणाचं घालीन."

त्याने डोळे मिटले आणि मान मागे टाकली. नापास होता होता पास झालेल्या मुलाचा चेहरा असतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. तिने त्याच्या बोटांत आपली बोटं गुंफली. भुसा होताच.

"आणि बाबांना नाही समजलं तर?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"मला केव्हाच समजलंय," दारातून आवाज आला. बाबा औषधाची पिशवी घेऊन उभे होते, आणि किती वेळ उभे होते कोण जाणे. "एका डोळ्यानेसुद्धा दिसत होतं. चला आता, चहा कुणाकडे आहे?"